कॅटेगरी आणि एचएसएन: एक दुरुस्त केलं म्हणून दुसरं दुरुस्त होत नाही

‘साडीचा एचएसएन कोड बदलला, आता ती बरोबर कॅटेगरीत दिसेल ना?’ हा प्रश्न ऑनलाइन माल विकणारे बेळगावच्या शहापूर-वडगावचे साडीवाले विचारतात, अथणी-निपाणीचे चपलांचे व्यापारी विचारतात, गोकाकहून करदंट ही मिठाई पाठवणारेही विचारतात. दिसणार नाही. उलटा प्रश्नही तितक्याच वेळा येतो: कॅटेगरी बदलून घेतली, म्हणजे जीएसटी आपोआप बरोबर लागेल? तोही लागणार नाही. एचएसएन हा मालाचा कराचा कोड, कॅटेगरी म्हणजे वेबसाइटवरचा त्याचा कप्पा. माल चढवताना दोन्ही रकाने एकाच फॉर्मवर, एकाखाली एक येतात. त्यांचं नातं तेवढंच.

एचएसएन तुम्हाला ठाऊक आहे. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून तो बिलबुकावर आहे. वर्षाची उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की बिलावर ६ आकडी कोड लागतो, त्याखालच्यांना व्यापाऱ्याला दिलेल्या बिलावर ४ आकडे पुरतात. पहिले ६ आकडे जगभर सारखेच असतात, कारण जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १९८८ पासून चालत आलेली आहे. भारतात पुढे दोन आकडे जोडून ८ होतात. यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही, तुमच्या सीएने ते केव्हाच सांगितलं असेल.

कॅटेगरी मात्र मार्केटप्लेसची, म्हणजे ऑनलाइन बाजार चालवणाऱ्या कंपनीची, स्वतःची मांडणी. माल कोणत्या पानावर दिसणार, त्याच्या बाजूला कोणता माल असणार, डावीकडचे कोणते फिल्टर त्याला लागू होणार, कमिशन किती कापलं जाणार, किती दिवसांत परत घ्यावा लागणार हे सगळं त्यावर ठरतं. एका कंपनीची मांडणी दुसरीला लागू नाही, आणि उद्या त्यांनी ती बदलली तर कुणाला विचारायची त्यांना गरज नाही. करखात्याला त्या मांडणीशी देणंघेणं नाही.

घोळ होतो तो फॉर्ममुळे. अनेक सेलर पॅनेलवर, म्हणजे विक्रेत्याने माल चढवायच्या पानावर, कॅटेगरी निवडली की खाली एचएसएनचा रकाना आपोआप भरून येतो किंवा दोनचार कोड सुचवले जातात. नव्या माणसाला वाटतं, कंपनीने दिलाय म्हणजे बरोबरच असणार. ती सूचना फक्त त्या कॅटेगरीत इतर विक्रेते बहुतेक काय भरतात यावरून आलेली असू शकते. कोड चुकला तर नोटीस तुमच्या जीएसटी नंबरवर येते, मार्केटप्लेसच्या नाही. सुचवलेला कोड न तपासता ‘सेव्ह’ दाबणं या धंद्यातली सगळ्यात महाग सवय आहे, असं माझं ठाम मत आहे.

दोन्ही रकाने वेगवेगळा प्रश्न विचारतात. कॅटेगरी विचारते, गिऱ्हाईक ही वस्तू कुठे शोधेल? एचएसएन विचारतो, ही वस्तू कशाची आणि कशी बनली आहे? बऱ्याच मालाच्या बाबतीत दोन्ही उत्तरं जवळजवळ येतात, म्हणून फरक लक्षातच येत नाही. साडी मात्र तो फरक उघडा पाडते, आणि आपल्या भागात साडीच सगळ्यात जास्त विकली जाते.

गिऱ्हाईक साडी कपड्यांत शोधतं: महिला, पारंपरिक पोशाख, साडी. तिथेच ती असायला हवी. पण जीएसटीच्या दृष्टीने साडी हा तयार कपडा नाही, ते कापड आहे. न शिवलेलं, लांबच लांब विणलेलं कापड. तयार कपडे एचएसएनच्या ६१ आणि ६२ या प्रकरणांत (कोडचे पहिले दोन आकडे) येतात, साड्या ५० ते ५५ मध्ये: रेशमाची ५००७, सुती ५२०८ च्या आसपास, पॉलिस्टर फिलामेंटची ५४०७, रेयॉनची ५४०८. आता पैशात बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यापुढच्यांवर १८ टक्के कर आहे. कापडाला अशी किमतीची मर्यादा नाही. त्यामुळे ४,००० रुपयांच्या इरकल साडीवर ५ टक्क्यांनी २०० रुपये कर होतो. तिला ६२ मधला कोड दिला की तोच कर ७२० रुपये होतो. गिऱ्हाईक ५२० रुपये जास्त मोजतं, किंवा शेजारच्या स्वस्त साडीवर बोट ठेवतं, आणि विक्रेता म्हणतो ऑनलाइनवर इरकल चालत नाही.

याच्या अगदी उलट चूकही मी पाहिली आहे, आणि ती जास्त वाईट, कारण ती शहाणपणाच्या वाटेने होते. सीए सांगतो, ‘साडी म्हणजे कापड, ५२०८ घाला.’ विक्रेता कोड बरोबर घालतो आणि मग ‘कापड’ हा शब्द धरून लिस्टिंगच, म्हणजे मालाचं पानच, ‘कापड आणि ड्रेस मटेरियल’ या कॅटेगरीत हलवतो. तिथे मीटरवर विकलं जाणारं शर्टिंग, परकराचं कापड, पडद्याचं कापड. पदर, काठ, ब्लाउज पीस आहे की नाही, हे रकानेच तिथे नाहीत. साडीचे फिल्टर लावून बघणाऱ्या बाईला ती साडी जन्मात दिसणार नाही. एचएसएन बरोबर, कॅटेगरी चुकीची, विक्री बंद. अशा वेळी एचएसएनला हात लावू नका. फक्त कॅटेगरी बदलून मागा.

इरकलचं आणखी एक आहे. अंग सुती, पदर रेशमी किंवा आर्ट सिल्कचा (कृत्रिम रेशमाचा), दोन्हींचे ताणे एकमेकांत अडकवून जोडलेले. मग कोड कोणता? मिश्र धाग्यांच्या कापडाचा नियम वजनाचा आहे: ज्या धाग्याचं वजन सगळ्यात जास्त, त्याचं प्रकरण. लाल पदर डोळ्यात भरतो म्हणून रेशमाचा कोड घालू नका. आणि हाच नियम कॅटेगरीला लावू नका. गिऱ्हाईक धागे तोलून शोधत नाही, ते ‘इरकल’ असं लिहून शोधतं. साडीसोबत सलग विणलेला ब्लाउज पीस कापडच राहतो. शिवलेला ब्लाउज वेगळा विकत असाल तर तो तयार कपडा, त्याचा कोड ६२ मध्ये.

‘मटेरियल’, ‘रंग’, ‘प्रसंग’ असले रकाने हा तिसरा प्रकार, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. माल बरोबर पानावर आहे पण ‘सुती’ फिल्टर लावल्यावर गायब होतो, तर हा रकाना रिकामा राहिलाय. स्वतः भरा, दहा मिनिटांत होतं, कुणाला तक्रार लिहायची गरज नाही.

आता चपला. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांचं आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. म्हणजे अथणीची, निपाणीची चप्पल हक्काने कोल्हापुरी आहे, आणि लिस्टिंगमध्ये तसं लिहायला कुणी बिचकू नये. पण मार्केटप्लेसवरची ‘कोल्हापुरी’ कॅटेगरी आकारावर चालते. रेक्झिनची, रबरी तळव्याची, यंत्रावर ठोकलेली कुठलीही अंगठेवाली चप्पल तिथे बसते. मला याचा मनापासून राग येतो, पण त्यावर कॅटेगरी बदलून उपाय होत नाही, कारण आपली खरी चप्पलसुद्धा त्याच पानावर असायला हवी. तिला ‘स्लिपर आणि फ्लिप-फ्लॉप’मध्ये टाकलं तर ती बाथरूमच्या रबरी चपलांशेजारी जाऊन बसते, आणि तिथे किमतीत तिचा निभाव लागत नाही.

एचएसएन मात्र इथे आपल्या बाजूने बोलतो. पादत्राणांच्या ६४ व्या प्रकरणात तळवा कशाचा आणि वरचा भाग कशाचा यावर सगळं ठरतं. त्यात ६४०३२० या कोडचं वर्णनच असं आहे: बाहेरचा तळवा चामड्याचा, आणि वर पावलावरून व अंगठ्याभोवती जाणारे चामड्याचे पट्टे. वरचा भाग चामड्याचा पण तळवा रबराचा, तर ६४०३ मधलाच पण दुसरा कोड. रेक्झिनवर रबर असेल तर ६४०२, वर कापड असेल तर ६४०४. बाजारातला विक्रेता म्हणतो, ‘२,५०० च्या आत सगळ्याला ५ टक्केच, मग कोणता का कोड असेना.’ हे मला पटत नाही. चामड्याच्या तळव्याच्या चपलेवर रबरी चपलेचा कोड घालून आपण आपल्याच कारागिराचा माल कागदावर रबरी करून टाकतो. परदेशी पार्सल जातं तेव्हा सीमाशुल्काच्या कागदावर हाच कोड वाचला जातो. आणि २,५०० च्या वर गेलात की १८ टक्के, मग कॅटेगरी कोणतीही असो.

खाण्याच्या मालाचं थोडक्यात. करदंटात डिंक आणि सुकामेवा असतो म्हणून लोक ते ‘ड्राय फ्रूट’मध्ये टाकतात. ते मिठाईत हवं, कारण लोक ते मिठाई म्हणून मागवतात. इथे एचएसएनही तेच म्हणतो, मिठाईचा २१०६, सुक्यामेव्याचा ०८ मधला नव्हे. कुंद्याचंही तसंच. पण एक प्रकार अजिबात खपवून घेऊ नये: एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक मागितला जाऊ नये म्हणून कुंदा ‘गिफ्ट बॉक्स’मध्ये लिस्ट करणं. ही चुकून झालेली कॅटेगरी नव्हे, हे गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळणं आहे.

मिरचीचं मात्र दोन्हींनी काम होत नाही. संकेश्वरी मिरचीच्या पाकिटावर ‘ब्याडगी’ लिहून विकतात तेव्हा कॅटेगरी बरोबर असते, एचएसएनही बरोबर असतो, सुक्या मिरच्यांचा ०९०४. खोटं असतं ते नाव. ब्याडगी रंगाला गडद आणि तिखटाला सौम्य, संकेश्वरी लांब, बारीक आणि चांगलीच तिखट. ब्याडगीला २०११ पासून भौगोलिक मानांकन आहे. कॅटेगरी बदलून द्या अशी तक्रार केली तर उत्तर येतं, ‘कॅटेगरी योग्य आहे’, आणि तक्रार बंद होते. इथे ‘वर्णन खोटं आहे’ किंवा मानांकनाच्या भंगाची तक्रार करायची असते, तिचा फॉर्म वेगळा असतो.

दुरुस्तीची वाटही दोन्हींना वेगळी आहे. कॅटेगरी बऱ्याच ठिकाणी एकदा लिस्टिंग चालू झालं की विक्रेत्याच्या हातात राहत नाही, सपोर्टला लिहावं लागतं. लिहिताना एका विनंतीत एकच माल घ्या. त्याचा क्रमांक, सध्याच्या कॅटेगरीचा पूर्ण मार्ग, हव्या त्या कॅटेगरीचा पूर्ण मार्ग आणि वस्तूचा व लेबलचा स्वच्छ फोटो द्या. ‘आमच्या सीएने सांगितलं’, ‘एचएसएन असा आहे’ हे त्यात घालू नका. वाचणाऱ्याला वाटतं कराची तक्रार आहे, आणि तो ती दुसऱ्या विभागाकडे ढकलतो. त्याऐवजी त्याच प्रकारचा माल बरोबर कॅटेगरीत विकणाऱ्या दोन लिस्टिंगचे दुवे द्या, ते लवकर पटतं. एकाच पानावर अनेक विक्रेते असतील तर तुमचा बदल लगेच दिसेलच असं नाही, पाठपुरावा करा. कंटाळून नवीन लिस्टिंग मात्र उघडू नका. जुन्या पानावरचे अभिप्राय तिथेच राहतात, आणि एकाच साडीची दोन पानं एकमेकांची विक्री खातात.

एचएसएन तुम्ही स्वतः, कराच्या रकान्यात बदलता. सपोर्टची वाट बघायची नाही. मात्र तो बदल पुढच्या ऑर्डरनाच लागतो. आधी गेलेल्या ऑर्डरचा विचार मात्र करावाच लागतो. चुकीच्या कोडमुळे कर कमी लागला असेल तर उरलेला स्वतः भरायचा, वर वार्षिक १८ टक्क्यांपर्यंत व्याज. जास्त लागला असेल, म्हणजे साडीवर १८ टक्के घेतले असतील, तर ते पैसे तुमचे नव्हेत. कर म्हणून घेतलेली रक्कम सरकारात भरावीच लागते. गिऱ्हाइकाला फरक परत देऊन क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) काढायची आणि ती जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणात दाखवायची, आणि तिची मुदत त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर तेव्हापर्यंतच.