किशोरवयीन मुलांचा थायरॉइड: गोळीची वेळ, जेवण आणि पालकांचे काम

मुलाला थायरॉइड कमी असल्याचे निदान होऊन लेव्होथायरॉक्सिनची गोळी सुरू झाली की पालक आम्हाला विचारतात, "आता काय काय बंद करायचे?" जवळजवळ काहीच नाही. सांभाळायची असते ती वेळ. आमच्या आहारसल्ला केंद्रात येणाऱ्या पालकांना हे नीट कळावे म्हणून हे माहितीपत्रक.

या वयात थायरॉइड कमी पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे हाशिमोटो थायरॉइडायटिस. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते आणि बहुतेकांच्या रक्तात अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे) वाढलेले दिसते. हा आजार तुमच्या स्वयंपाकातल्या चुकीमुळे झालेला नाही, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका. पथ्याने तो बराही होत नाही. ग्रंथीत जे संप्रेरक कमी तयार होते ते गोळी भरून काढते. आहार गोळीची जागा घेऊ शकत नाही, पण तिच्या आड मात्र नक्की येऊ शकतो.

गोळी कशी द्यावी

सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान अर्धा तास, शक्य असेल तर एक तास काहीही नको. दूध, चहा, कॉफीसुद्धा नको. ही गोळी लहान आतड्यात शोषली जाते आणि पोटात अन्न असले की कमी शोषली जाते. लोह, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन आणि आम्लपित्तावरच्या अँटासिड गोळ्या ४ तास लांब ठेवा, कारण त्यांतली खनिजे औषधाला पोटातच बांधून ठेवतात. सोयाचे दूध, सोया प्रोटीन पावडर आणि इसबगोल यांच्यामुळेही शोषण घटते. सोया बंद करायची गरज नाही, पण ते गोळीच्या वेळेपासून दूर असावे आणि प्रमाण रोज साधारण सारखे असावे.

आम्ही सुचवतो ते वेळापत्रक असे: ६ वाजता गोळी, ७ वाजता नाश्ता व दूध, डॉक्टरांनी लोह दिले असेल तर ते दुपारी आणि कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर लोह कमी शोषले जाते, म्हणून त्या दोघांतही अंतर ठेवले आहे.

सकाळी उशिरा उठून धावपळीत निघणाऱ्या मुलांना एक तास थांबणे जमत नाही. अशा वेळी डॉक्टरांना विचारून गोळी रात्री झोपताना देता येते. मात्र शेवटच्या खाण्याला ३ तास झालेले हवेत आणि झोपतानाचे दूध सोडावे लागते. लोह-कॅल्शियमचा ४ तासांचा नियम इथेही लागू, म्हणून कॅल्शियम रात्रीच्या जेवणाऐवजी आधी हलवा. सकाळ किंवा रात्र, एक वेळ ठरवा आणि तीच पाळा.

चुकलेल्या गोळ्या

या औषधाचे शरीरातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. म्हणून एखादी गोळी चुकली तर घाबरू नका. त्याच दिवशी आठवली तर पोट रिकामे असताना द्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून लिहून ठेवा, मनाने दुप्पट डोस देऊ नका. याच गुणधर्मात एक फसगतही आहे. आठवड्यात दोन-तीन गोळ्या चुकल्या तरी मुलाला लगेच काही जाणवत नाही आणि "गोळीशिवायही चालते" असे त्याला वाटू लागते. थकवा, बद्धकोष्ठता, अभ्यासात लक्ष न लागणे हे सगळे काही आठवड्यांनी दिसते, आणि तेव्हा त्याचा गोळीशी संबंध कोणी जोडत नाही.

सात कप्प्यांची डबी घ्या आणि ती मुलालाच भरू द्या. रोज "घेतलीस का?" विचारण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा डबी पाहणे बरे. या वयात रोजच्या चौकशीचे पर्यवसान खोटे बोलण्यात होते, आणि ते आपल्याला परवडणारे नाही. औषध ओलावा, ऊन आणि उष्णता यांपासून दूर ठेवा. न्हाणीघरातले कपाट आणि शेगडीजवळचा कप्पा या दोन्ही जागा चुकीच्या. डबीत एकाच आठवड्याच्या गोळ्या भरा, उरलेल्या मूळ वेष्टनातच राहू द्या. गोळीची कंपनी बदलली तर डॉक्टरांना कळवा, कारण त्यानंतर टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की ते वाढते) पुन्हा तपासावे लागते.

रक्ततपासणी

डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तात मोकळे असलेले थायरॉइड संप्रेरक) तपासतात. त्याआधी केलेली तपासणी दिशाभूल करते, कारण टीएसएच स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. त्या सकाळी आधी रक्त द्या, मग गोळी. गोळीनंतर काही तास फ्री टी४ वाढलेला दिसतो.

टीएसएच जास्त, पण फ्री टी४ सामान्य किंवा वरच्या बाजूला, असा रिपोर्ट आला तर आधी डबी आठवा. कित्येक आठवडे गोळ्या चुकवून तपासणीआधीच्या चार-पाच दिवसांत नियमित घेतल्या की असे चित्र दिसते. हे डॉक्टरांना सांगितले नाही तर डोस वाढू शकतो, आणि मूल नियमित झाले की तोच डोस जास्त होऊन छातीत धडधड, हाताला कंप, झोप न लागणे सुरू होते.

केस आणि नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असते. अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो. तपासणीआधी निदान २ दिवस त्या बंद ठेवा. जास्त मात्रेच्या असतील तर किती दिवस आधी थांबवायच्या हे विचारून घ्या.

ताटात काय

किशोरवयात दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. किलोमागे ३० मिलिग्रॅम आयोडीन असलेल्या मिठाच्या ५ ग्रॅममध्ये तेवढे मिळते, आणि दिवसभरात एकूण मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमीच असावे. दूध, अंडी, मासे यांतूनही आयोडीन मिळते. मीठ झाकून ठेवा. सैंधव आणि गुलाबी मिठात आयोडीन मिसळलेले नसेल तर त्यावर विसंबू नका. उलट बाजूने, समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा 'थायरॉइडसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरी देऊच नका. हाशिमोटोमध्ये जादा आयोडीनने ग्रंथी आणखी मंदावू शकते.

कोबी, फुलकोबी, ब्रोकोली यांची भीती विनाकारण पसरली आहे. आयोडीन पुरेसे असेल तर शिजवलेल्या भाज्या नेहमीच्या प्रमाणात खाव्यात. रोज पेलाभर कच्चा रस पिणे तेवढे टाळा. ग्लुटेनबद्दलही (गव्हातले एक प्रथिन) असेच. हाशिमोटो असलेल्यांत सीलिअॅक आजार (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो) जास्त आढळतो, म्हणून पोट फुगणे, वारंवार जुलाब किंवा न सुधारणारा अॅनिमिया असेल तर त्याची तपासणी करून घ्या. गहू बंद करण्यापूर्वी ती करा. आधीच बंद केला तर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. सीलिअॅक नसेल तर गहू तोडायचे कारण नाही.

लोहाकडे मात्र खास लक्ष हवे, मुलींच्या बाबतीत तर नक्कीच. थायरॉइड कमी असताना पाळीत रक्तस्राव जास्त होऊ शकतो, त्यातून लोह कमी पडते, आणि थायरॉइड संप्रेरक तयार करणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागते. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा.

वजन आणि उंची

थायरॉइड कमी असल्याने वाढणारे वजन सहसा थोडे असते आणि त्यात पाण्याचा व मिठाचा वाटा मोठा असतो. गोळीने दहा-बारा किलो उतरतील अशी आशा मुलाला दाखवू नका. जेवण एकदम तोडले तर शरीर टी३ (थायरॉइडचे प्रत्यक्ष काम करणारे संप्रेरक) आणखी कमी करते आणि वाढ खुंटते. या वयात उपासमारीचे डाएट आम्ही देत नाही. वजन जास्त असलेल्या मुलांत फ्री टी४ सामान्य असताना टीएसएच ५ ते १० दिसला, तर तो बहुतेकदा वजनाचा परिणाम असतो, कारण नव्हे.

दर ३ महिन्यांनी त्याच भिंतीला, अनवाणी उभे करून उंची मोजा. वजन वाढते आहे पण उंची थांबली आहे, हे दिसले तर डॉक्टरांना कळवायला पुढच्या भेटीची वाट पाहू नका.

थायरॉइड जास्त असेल तर

वरचे वेळापत्रक तिथे लागू नाही. अशा मुलांना भूक आणि ऊर्जेची गरज दोन्ही जास्त असतात. पुरेसे अन्न व कॅल्शियम द्या, एनर्जी ड्रिंक बंद करा, आणि नाडी आटोक्यात येईपर्यंत जोरकस खेळ डॉक्टरांना विचारूनच. कार्बिमाझोल किंवा मेथिमाझोल (वाढलेला थायरॉइड कमी करणाऱ्या गोळ्या) चालू असताना ताप, घसादुखी किंवा तोंडात व्रण आले तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. या गोळ्यांनी क्वचित रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून त्या तातडीने तपासाव्या लागतात.

आमच्याकडे येताना

मागचे तीन रिपोर्ट तारखांसह, गोळीचे वेष्टन, चालू असलेल्या सर्व पूरक गोळ्या व पावडरींचे डबे, उंची-वजनाच्या नोंदी आणि तीन दिवसांच्या खाण्याची वही आणा. त्यात एक दिवस सुट्टीचा असू द्या. पदार्थांचे प्रमाण अंदाजे चालेल. गोळीची आणि पहिल्या घासाची वेळ मात्र घड्याळ पाहून लिहा.