फसफसतं, पण गार का पडतं?

शाळेत उष्मादायी आणि उष्माग्राही अभिक्रिया शिकल्यावर एक समज डोक्यात घट्ट बसतो: उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया आपोआप घडते, उष्णता घेणारीला खालून आच द्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात बर्थेलोसारखा मोठा रसायनशास्त्रज्ञही साधारण हेच मानत होता. पण हा समज नागपूरच्या इतवारी बाजारातल्या कुठल्याही किराणा दुकानातल्या दोन पुड्या खोडून काढतात: लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा.

लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवा, प्रयोगशाळेतला थर्मामीटर ठेवा (तापाचा नको) आणि सोडा टाका. जोरात फसफस होते आणि पारा काही अंश खाली उतरतो. आच नाहीच, उलट पाण्याचीच उष्णता ओढली गेली. मग अभिक्रिया पुढे रेटली कुणी?

याचा हिशेब अमेरिकेचा शास्त्रज्ञ गिब्ज याने 1876 ते 1878 दरम्यान मांडला. मला तो विज्ञानातल्या सर्वांत सुंदर हिशेबांपैकी एक वाटतो. मुक्त ऊर्जा म्हणजे कामाला लावता येण्याजोगी ऊर्जा. तिच्यातला बदल म्हणजे उष्णतेतला बदल वजा तापमान गुणिले एन्ट्रॉपीतला बदल. कण आणि ऊर्जा किती वेगवेगळ्या प्रकारे विखुरू शकतात, याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. उत्तर ऋण आलं, की अभिक्रिया आपोआप पुढे जाते. इथे एक ग्रॅम सोड्यातून जवळपास 300 मिलीलिटर कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. एन्ट्रॉपी इतकी वाढते, की उष्णतेचा तोटा भरून निघतो. तापमान केल्विनमध्ये धरायचं. नागपुरातल्या जानेवारीच्या पहाटे 10 अंश म्हणजे 283, मेच्या दुपारी 45 अंश म्हणजे 318. एन्ट्रॉपीतला बदल तेवढाच राहिला, तरी हिशेबातलं त्याचं वजन उन्हाळ्यात 12 टक्क्यांनी वाढतं!

पाण्यावर चालणाऱ्या गाडीचे व्हिडिओ पुढे पाठवण्याआधीही हाच हिशेब करावा. पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. 18 ग्रॅम पाणी बनताना 237 किलोज्यूल मुक्त ऊर्जा सुटून गेलेली असते. किमान तेवढी परत दिल्याशिवाय हायड्रोजन सुटत नाही. हा निव्वळ फसवणुकीचा धंदा आहे.

मात्र ऋण चिन्ह वेगाबद्दल काहीच सांगत नाही. साखर आणि ऑक्सिजनच्या संयोगातून भरपूर मुक्त ऊर्जा सुटते, तरी डब्यातली साखर वर्षभर तशीच राहते. पेशीतली विकरं (एन्झाइम) सुरुवातीचा ऊर्जेचा अडथळा कमी करतात. सुटणारी ऊर्जा टप्प्याटप्प्याने एटीपी हा पेशीतला ऊर्जावाहक रेणू बनवायला वापरली जाते, आणि एक मोल एटीपीच्या जलअपघटनातून (पाण्याशी अभिक्रिया होऊन तुटण्यातून), प्रमाण स्थितीत, साधारण 30.5 किलोज्यूल पुन्हा कामाला मिळतात.