अ‍ॅफिडेव्हिट करायचंय? नोटरीकडे जायच्या आधी एवढं बघून घ्या

गेल्या महिन्यात आईचं अ‍ॅफिडेव्हिट करायचं होतं, पासबुकावर तिचं माहेरचं नाव आणि आधारवर लग्नानंतरचं, म्हणून बँक म्हणाली दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा. कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याने तयार फॉरमॅटमध्ये नुसतं नाव बदलून दिलं, मी घाईत वाचलं नाही आणि आत दुसऱ्याच कुणाचा तरी पत्ता तसाच राहिला. बँकेने परत पाठवलं. स्टॅम्पचे पैसे गेले ते गेलेच, पण आईला पुन्हा ट्रेनच्या गर्दीतून यावं लागलं, त्याचं जास्त वाईट वाटलं.

१८ वर्षं पूर्ण झालेला कोणीही अ‍ॅफिडेव्हिट करू शकतो, लहान मुलांसाठी आईवडील करतात. पण ज्या गोष्टी स्वतःला माहीत आहेत तेवढ्याच लिहायच्या, आणि एखादी गोष्ट दुसऱ्याकडून किंवा एखाद्या कागदावरून कळली असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. सुरुवातीला नाव, वय, व्यवसाय, पत्ता, मग मुद्द्यांना नंबर देऊन मजकूर, आणि शेवटी वरील सगळं खरं आहे असं सत्यापन.

सोबत ओरिजिनल आधार किंवा पासपोर्ट, त्याची झेरॉक्स, फोटो, आणि मजकुराला आधार देणारा कागद न्या. आमच्या केसमध्ये लग्नाचा दाखला होता. काही नोटरी ओळख पटवायला वकिलाची सहीपण मागतात, ते आधीच विचारून घेतलेलं बरं.

स्टॅम्प पेपरचं सगळ्यांचंच कन्फ्युजन होतं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा रेट ५०० झाला, त्यामुळे बँकेला, सोसायटीला किंवा खाजगी कामाला द्यायचं असेल तर ५०० चाच लागतो. पण जात, उत्पन्न, रहिवासी दाखल्यासाठी, सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प ड्युटी २००४ पासून माफ आहे, तिथे साधा कागद चालतो, तरी लोकांना उगाच स्टॅम्प पेपर घ्यायला लावतात याचा मला खरंच राग येतो. आणि घरात जुना स्टॅम्प पेपर पडला असेल तर तारीख बघा, सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सही घरी करून नेऊ नका! नोटरीसमोर किंवा तहसील ऑफिसात कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर शपथ घेऊन तिथेच सही करायची, कारण तुम्ही स्वतः येऊन हे सांगितलंत याला साक्ष त्यांचीच असते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात तसे इथे लागत नाहीत. देवाची शपथ नको असेल तर नुसती प्रतिज्ञा करा, १९६९ च्या शपथ कायद्यात ती सोय आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मजकूर त्यांच्या भाषेत वाचून, समजावून मगच अंगठा घ्यायचा आणि तसं खाली लिहायचं. खाडाखोड झाली तर तिथे सही, कोरी जागा सोडायची नाही.

नंतर नोटरी रजिस्टरमध्ये तुमची सही घेतो, कागदावर शिक्का, तिकीट आणि रजिस्टरचा नंबर टाकतो. फीचा तक्ता ऑफिसात लावायचा असा नियमच आहे, तो बघा आणि पावती मागा, लाजू नका. रस्त्यावर आधीच शिक्के मारून ठेवलेले कागद कुणी दिले तर घेऊच नका, कारण खोटं निघालं तर पकडले जाणार तुम्ही. कोर्टाच्या कामात खोटी शपथ घेतली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, इतर ठिकाणी तीन वर्षांपर्यंत.

दुसऱ्या वेळी आईने स्वतः चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, मग सही केली. ओरिजिनल बँकेत द्यायच्या आधी दोन झेरॉक्स काढून ठेवल्या आणि रजिस्टरचा नंबर डायरीत लिहून घेतला.