बिडाचा पाइप, काळी माती आणि मागचं दार

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वाड्याचं मागचं अंगण खोदलं. दोन हात खाली चार इंची बिडाचा पाइप लागला. काळा, गोल, जोडाचा गळा शाबूत. मिस्त्रीनं त्यावर सब्बल टेकवली आणि ती सरळ आत गेली. "हा पाइप नाही भाऊ, कोळसा होय," तो म्हणाला.

त्याचं फारसं चुकलं नव्हतं. बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, साधारण ३ ते ४ टक्के कार्बन असतो. तो बहुतेक ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो. ओल्या, खारवट मातीत वर्षानुवर्षं लोखंड झिजून निघून जातं आणि ग्राफाइटचा सांगाडा तेवढा गंजाच्या आधारानं उभा राहतो. रूप पाइपाचं, ताकद शिसपेन्सिलीची. (शिसपेन्सिलीतही शिसं नसतं, हेच ग्राफाइट असतं. खरं शिसं असायचं ते या पाइपांच्या जोडांत: आधी तागाची दोरी ठासायची, वरून वितळलेलं शिसं ओतायचं, मग छिन्नीनं ठोकून बसवायचं.) आतून मैल्याचा वायू काम करतोच. पाइपाच्या ओल्या छतावर जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात.

एरवी बीड चिवट. फ्रान्समध्ये व्हर्सायला १७व्या शतकात घातलेले बिडाचे नळ ३०० वर्षांहून जास्त चालले. मग आमचा साठीतच का गेला? मला विचाराल तर अर्धा दोष मातीचा. कपाशीची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात अशी भेगाळते, की भेगेत हात जावा. बीड दाब सोसतं, वाक सोसत नाही. दर वर्षीच्या या वरखालीत आधी जोड सैल होतो, मग तडा जातो. तड्यातून पाझरलेल्या पाण्यानं तेवढीच माती बारमाही फुगलेली राहते आणि दोन हातांवर ती कोरडीठाक असते. पुढे कडूनिंबाची मुळं ओलीचा माग काढत येतातच.

बीड इकडे आलं ते कापसामागं. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. बिडाचे खांब, कठडे, चाकं आली आणि साहेबांच्या बंगल्यांना नळही. गावातल्या वाड्यात मात्र टोपलीचा संडास होता आणि टोपली उचलायला माणूस. त्याच्यासाठी मागच्या बोळात एक बुटकं दार असायचं. पुढच्या दारानं त्याला येऊ देत नसत.

याच मुलखात शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावं झाडत फिरले. स्वातंत्र्याच्या सुमारास विनोबा पवनारहून रोज चालत सुरगावला मैलासफाईला जात. तरी टोपलीच्या संडासांवर बंदीचा केंद्रीय कायदा यायला १९९३ उजाडलं. ज्यांना परवडलं त्यांनी त्याआधीच सेप्टिक टँक बांधले. बिडाचा पाइप वाड्यात शिरला तो तेव्हा. शहरासारखं गटार गावात नव्हतंच, त्यामुळे संडासापासून टाकीपर्यंतचे पंधरा-वीस हात, एवढंच त्याचं राज्य.

आमच्याकडे आजोबांनी १९६०च्या सुमारास तो टाकला. चार इंची पाइपाला ४० फुटांना १ फूट ढाळ लागतो. जमिनीचा उतार बोळाकडेच होता, म्हणून लाइन त्या बुटक्या दाराखालून नेली आणि दार विटांनी बुजवलं. विटांचा तो चौकोन भिंतीत अजून ओळखू येतो. लहानपणी आम्हाला वाटायचं तिथे धन पुरलंय.

आता पीव्हीसी घातलाय. मिस्त्रीनं चराच्या तळाला आधी मुरुमाची जाड गादी केली. नुसत्या काळ्या मातीवर हाही वाकतो, असं त्याचं म्हणणं. भंगारवाला आला तेव्हा त्यानं एकेका तुकड्यावर हातोडी मारून पाहिली. टणटण वाजले ते काट्यावर ठेवले, भद्द वाजले ते बाजूला टाकले. जोडांतलं शिसं तेवढं सगळं घेऊन गेला.