मिल्ट स्टेगल : १४७ टचडाउन आणि न मिळालेला ग्रे कप

२० जुलै २००६. कॅनडातल्या एडमंटनचं कॉमनवेल्थ स्टेडियम. कॅनेडियन फुटबॉल लीगचा सामना. यजमान संघ २२-१९ असा पुढे आणि घड्याळात उरलेले चार सेकंद. पाहुण्या विनिपेग ब्लू बॉम्बर्सकडे चेंडू होता, पण तो त्यांच्याच गोलरेषेपासून अवघ्या दहा यार्डांवर. शिवाय तिसरा, म्हणजे शेवटचाच डाउन (चेंडू पुढे नेण्याचा प्रयत्न). चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणजे क्वार्टरबॅक, केव्हिन ग्लेनने तो लांबवर भिरकावला, मिल्ट स्टेगलने तो पळतापळताच झेलला आणि थेट प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडचा एंड झोन गाठला. १०० यार्डांचा टचडाउन, म्हणजे सहा गुण! वेळ संपली तेव्हा फलकावर २५-२२ होते. विनिपेगमध्ये आजही नुसतं ‘द प्ले’ म्हटलं की पुरतं.

तेव्हा स्टेगल छत्तीस वर्षांचा होता. या वयात रिसीव्हरचे, म्हणजे पास झेलणाऱ्याचे, पाय बहुधा थकलेले असतात, आणि तो मात्र बचावपटूंना मागे टाकत होता.

जन्म १९७० चा, ओहायोतल्या सिनसिनाटीचा. घरच्याच सिनसिनाटी बेंगल्सकडून तो एनएफएल या अमेरिकी फुटबॉल लीगमध्ये तीन हंगाम खेळला, पण फारशी संधी मिळाली नाही. १९९५ मध्ये तो विनिपेगला आला आणि पुढचे चौदा हंगाम त्याच जर्सीत राहिला. दोन-चार वर्षांत संघ बदलणाऱ्या खेळाडूंच्या या लीगमध्ये एवढी निष्ठा विरळाच.

कॅनडाच्या फुटबॉलने त्याच्या वेगाला मोकळं रान दिलं. इथलं मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, म्हणजे अमेरिकेपेक्षा मोठं. एका बाजूला बारा खेळाडू. चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चारऐवजी तीनच डाउन, त्यामुळे पासवर भर. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चेंडू खेळात येण्याआधीच रिसीव्हरला चेंडू ठेवलेल्या रेषेकडे धावत यायची मुभा. वेगवान गोलंदाज रन-अप घेऊन क्रीजवर पोहोचतो, तसा रिसीव्हर रेषेपाशी येतो तोच पूर्ण वेगात. समोरचा बचावपटू मात्र उभ्या पायांवर. १९९७ मध्ये स्टेगलने ६१ झेलांत १,६१६ यार्ड काढले. झेलामागे साडेसव्वीस यार्ड! मला तरी त्याचा हा आकडा टचडाउनच्या विक्रमाहून अधिक थक्क करणारा वाटतो.

२००२ मध्ये एका हंगामात २३ टचडाउन आणि लीगच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा किताब. २००७ मध्ये जॉर्ज रीड आणि माइक प्रिंगल यांच्या नावावरचा १३७ टचडाउनचा विक्रम त्याने मागे टाकला. २००८ मध्ये ॲलन पिट्सचे १४,८९१ यार्डही ओलांडले. थांबला तेव्हा खात्यात १४७ टचडाउन आणि १५,१५३ यार्ड होते. म्हणजे झेललेल्या पासांवर जवळजवळ चौदा किलोमीटर!

लीगच्या विजेत्याला मिळणारा ग्रे कप मात्र हाती आला नाही. २००१ मध्ये साखळीत १४ सामने जिंकलेला विनिपेग अंतिम फेरीत कॅल्गरीकडून १९-२७ असा हरला. २००७ ची सल त्याहून मोठी. अंतिम सामन्याच्या आधीच्याच लढतीत ग्लेनचा हात मोडला. टोरोंटोतल्या अंतिम सामन्यात रायन डिनविडी हा नवखा क्वार्टरबॅक लीगमध्ये पहिल्यांदाच सुरुवातीपासून उतरला, त्याचे तीन पास सस्कॅचवानने पळवले आणि सामना १९-२३ असा गेला.

२०१२ मध्ये स्टेगलला कॅनडाच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. त्याच वर्षी जेरॉय सायमनने त्याचा यार्डांचा विक्रम मोडला. सायमनच्या सुरुवातीच्या वर्षांत दोघे विनिपेगमध्येच एकत्र खेळले होते. सायमनला ग्रे कपही मिळाले. विनिपेगने तो २०१९ मध्ये, २९ वर्षांनी जिंकला. स्टेगलचा शेवटचा हंगाम संपून तेव्हा अकरा वर्षं झाली होती.