स्वस्त इंजिन आणि मधली प्लेट : ऑफ-रोड गाड्यांमधील इंजिनबदलाची पार्श्वभूमी

जुन्या ऑफ-रोड गाडीत दुसरे इंजिन बसवायचे ठरले की पहिली चौकशी होते ती इंजिनाच्या किमतीची. माझ्या मते इथेच हिशेब चुकायला सुरुवात होते. इंजिन विकत घेणे हा या कामातला बहुधा लहान खर्च असतो. खरा पैसा आणि वेळ जातो तो ते इंजिन गाडीतल्या गिअरबॉक्सला जोडण्यात, चॅसीवर टेकवण्यात, थंड ठेवण्यात आणि त्याच्या वायरिंगला समजावण्यात. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जी इंजिने ‘परवडणारी’ म्हणून नावारूपाला आली, त्यांच्या बाबतीत जोडकामाचा बराचसा भाग दुसऱ्या कुणीतरी आधीच उरकून ठेवलेला होता.

सुरुवात अर्थातच जीपपासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या, आणि त्या सर्वांत ‘गो-डेव्हिल’ हे २.२ लिटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे चार सिलिंडरचे इंजिन होते. चिखलातून आणि चढावरून हळू चालण्यासाठी ते उत्तम होते, परंतु युद्धानंतर हीच गाडी शेतावर, जंगलात आणि लांबच्या रस्त्यावर वापरणाऱ्यांना त्याची ताकद अपुरी वाटू लागली. १९५० साली विलीजने त्याच इंजिनाच्या खालच्या भागावर वरून उघडणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हचे हेड बसवून ‘हरिकेन’ हे थोडे अधिक ताकदीचे इंजिन तयार केले. ते इतके उंच झाले की १९५३ च्या सीजे-३बी या जीपचे बॉनेट आणि पुढची जाळी दोन्ही उंच करावी लागली. वर्कशॉपमध्ये आज जी अडचण येते, ती कारखान्यालाही चुकली नव्हती.

कारखान्याबाहेरच्या इंजिनबदलाला खरे वळण दिले ते १९५५ साली आलेल्या शेव्हरोलेच्या ‘स्मॉल-ब्लॉक’ व्ही-८ (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात आठ सिलिंडर मांडलेल्या) इंजिनाने. पहिले इंजिन ४.३ लिटरचे होते; आटोपशीर, त्या काळच्या इतर व्ही-८ इंजिनांच्या मानाने हलके आणि मोटारींपासून ट्रकपर्यंत सर्वत्र बसवलेले. पुढे त्याची क्षमता वाढत गेली, पण बेल हाउसिंगवरील बोल्टांची मांडणी कंपनीने दशकानुदशके जवळपास तशीच ठेवली. क्लच आणि फ्लायव्हील झाकणारे हे घंटेच्या आकाराचे आवरण बाहेरून क्षुल्लक दिसते, तरी इंजिनबदलाचा निम्मा इतिहास त्याच्या छिद्रांत दडलेला आहे असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. इंजिनाचा क्रँकशाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट यांचे मध्य एका रेषेत असावे लागतात. इंचाच्या पाच हजारांशाहून अधिक फरक राहिला तर बेअरिंग आणि क्लच लवकर जातात. इतकी अचूक जोडप्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसणारी प्लेट, एका गाडीसाठी घडवून घेणे महाग पडते, परंतु एकाच मांडणीची लाखो इंजिने उपलब्ध असतील तर तीच प्लेट कुणीतरी साच्यातून शेकड्यांनी काढतो आणि ती आवाक्यात येते. जीपच्या आणि टोयोटाच्या लँड क्रूझर एफजे४०च्या गिअरबॉक्सला स्मॉल-ब्लॉक जोडण्याचे तयार भाग अशाच रीतीने बाजारात आले. २०११ साली शेव्हरोलेने आपल्या स्मॉल-ब्लॉक मालिकेतील दहा कोटीवे इंजिन बांधले. स्वस्ताईचे मूळ या संख्येत आहे.

याच काळात कंपन्या स्वतःही इतरांची इंजिने आपल्या गाड्यांत बसवत होत्या, आणि त्यातील ब्युइकच्या इंजिनाची कथा मला फार बोलकी वाटते. ब्युइक आणि शेव्हरोले यांची मालक कंपनी जनरल मोटर्सने १९६१ साठी ३.५ लिटरचे ॲल्युमिनियमचे व्ही-८ काढले. ते साधारण १४५ किलो इतकेच भरत असे, पण ओतकाम खर्चिक ठरल्याने १९६३ नंतर ते बंद झाले. त्याच आराखड्यावरून ब्युइकने बिडाचे, दोन सिलिंडर कमी केलेले व्ही-६ तयार केले होते. या व्ही-६ची ३.७ लिटरची आवृत्ती ‘डॉन्टलेस’ या नावाने १९६५ च्या अखेरीस जीप सीजे-५ मध्ये आली आणि गाडीची ताकद ७५ वरून थेट १६० अश्वशक्तीवर गेली. इंजिन आखूड असल्यामुळे चॅसी लांबवावी लागली नाही. जीपची मालकी अमेरिकन मोटर्स (एएमसी) या कंपनीकडे गेल्यावर १९७२ मध्ये कंपनीने आपली सरळ सहा सिलिंडरची इंजिने बसवली, तेव्हा मात्र लांबीमुळे पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर सुमारे ३ इंचांनी वाढवावे लागले. व्ही-६ची यंत्रसामग्री एएमसीने १९७४ साली जनरल मोटर्सला परत विकली. दरम्यान बंद पडलेल्या ॲल्युमिनियम व्ही-८चे हक्क ब्रिटनच्या रोव्हरने १९६५ मध्ये घेतले होते आणि १९७० च्या रेंज रोव्हरमध्ये ते पुन्हा अवतरले. लँड रोव्हरचे मालक हेच इंजिन आपल्या जुन्या गाड्यांत बसवू लागले. कंपनीनेही १९७९ मध्ये लांब लँड रोव्हरमध्ये ते मुद्दाम कमी ताकदीवर, ९१ अश्वशक्तीवर आणून दिले, कारण गाडीचा बाकीचा सांगाडा पूर्ण ताकदीसाठी घडवलेला नव्हता. हौशी माणसाने हा निर्णय नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते. इंजिन दुप्पट ताकदीचे झाले की पुढचा खर्च गिअरबॉक्स, ॲक्सल शाफ्ट आणि ब्रेकचा असतो, आणि तो इंजिन घेताना कागदावर मांडलेला नसतो.

डिझेलची वाट वेगळ्या कारणाने रुळली. ऑफ-रोड चालवताना कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) लागतो, आणि तो डिझेल इंजिन सहज देते. १९८९ साली लँड रोव्हर डिस्कव्हरीबरोबर आलेले २.५ लिटरचे ‘२००टीडीआय’ हे टर्बो डिझेल या बाबतीत आदर्श उदाहरण आहे. सुरुवातीच्या डिस्कव्हरींचे पत्रे गंजून गेले, पण इंजिने ठणठणीत राहिली, त्यामुळे ती भंगारातून स्वस्तात मिळू लागली. शिवाय या इंजिनाची वंशावळ कंपनीच्या जुन्या २.२५ लिटर इंजिनापर्यंत जात असल्याने बेल हाउसिंगची मांडणी जुन्या गाड्यांशी जुळत होती. ६२ अश्वशक्तीच्या डिझेलच्या जागी १११ अश्वशक्तीचे इंजिन, आणि जोडप्लेटची गरज जवळपास नाही! डिस्कव्हरीत टर्बो खालच्या बाजूला असल्यामुळे तो जुन्या चॅसीजवळ येतो व एक्झॉस्टची मांडणी बदलावी लागते, पण हे काम साध्या वर्कशॉपमध्ये होण्यासारखे आहे.

अमेरिकेत हीच भूमिका कमिन्सच्या ‘४बीटी’ने बजावली. घरपोच माल वाहणाऱ्या पेटीसारख्या व्हॅनमधून निघालेले हे ३.९ लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल जवळजवळ न संपणारे म्हणून ओळखले जाते. तथापि त्याचे वजन सुमारे ३४० किलो असते, कंपने मोठी असतात आणि ताकद मात्र १०५ अश्वशक्तीच्या आसपास. हलक्या गाडीत ते बसवल्यावर पुढच्या स्प्रिंग, स्टिअरिंग आणि माउंटिंग यांवर जो भार येतो तो पाहता, केवळ टिकाऊपणाच्या कीर्तीवर त्याची निवड करणे मला पटत नाही. सुझुकी सामुराईच्या मालकांनी अधिक शहाणपण दाखवले. १.३ लिटरच्या मूळ इंजिनाच्या जागी त्यांनी त्याच कंपनीच्या साइडकिकमधील १.६ लिटरचे इंजिन घेतले, जे सामुराईच्या गिअरबॉक्सला फारशा खटपटीविना जुळते. ताकदीतली वाढ माफक असली तरी हजार किलोच्या आत बसणाऱ्या गाडीला ती पुरते आणि ॲक्सलही शाबूत राहतात.

कायद्यानेही निवडीचे क्षेत्र आखून दिले. अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर इंजिन बदलताना धुराची नियंत्रक साधने काढणे हा प्रश्न झाला. १९७४ मध्ये तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने यासंबंधीचे धोरण जाहीर केले. कॅलिफोर्नियाने पुढे असा नियम ठेवला की नवे इंजिन गाडीच्याच वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे आणि त्याची सर्व प्रदूषण-नियंत्रक साधने सोबत यावीत. हा जाच वाटला तरी त्याचा एक चांगला परिणाम झाला : लोक इंधन इंजेक्शनच्या इंजिनांकडे वळले. कार्ब्युरेटरच्या भांड्यातले पेट्रोल तीव्र चढावर किंवा गाडी कलंडल्यावर एका बाजूला सरकते आणि इंजिन गुदमरते. इंजेक्शनमध्ये ती अडचणच नाही. स्मॉल-ब्लॉकमधून दोन सिलिंडर वजा करून घडवलेले शेव्हरोलेचे ४.३ लिटर व्ही-६ यासाठी दीर्घकाळ पसंतीचे राहिले, कारण जुन्या व्ही-८साठी बनलेल्या जोडप्लेटा त्यालाही चालत.

१९९७ मध्ये आलेल्या जनरल मोटर्सच्या एलएस या व्ही-८ इंजिन मालिकेने आणि विशेषतः १९९९ पासून ट्रकमध्ये बसलेल्या तिच्या बिडाच्या ४.८ आणि ५.३ लिटर इंजिनांनी व्ही-८चा भाव पुन्हा खाली आणला. बोल्टांची मांडणी बहुतांश जुनीच होती, पण क्रँकशाफ्टचा मागचा फ्लँज (फ्लायव्हील जिथे बसते ती कडा) सुमारे ०.४ इंच पुढे असल्याने मध्ये स्पेसर (अंतर भरणारी चकती) किंवा वेगळे फ्लायव्हील लागते. त्याहून मोठा बदल म्हणजे इंजिनाबरोबर त्याचा कॉम्प्युटर आणि पूर्ण वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा) उचलावा लागतो. तारा कापून आणलेले इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये, कारण वाचलेली रक्कम नव्या हार्नेसवर सहज खर्च होते. इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या भांड्याचा, म्हणजे ‘संप’चा, आकारही मोजून पाहावा लागतो. ट्रकमधला खोल संप पुढच्या ॲक्सलवर आदळला तर इंजिन उचलावे लागते, मग बॉनेट अपुरे पडते आणि सीजे-३बीची कथा नव्याने घडते. रेडिएटरचेही तसेच आहे, कारण हळू चालणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही आणि सर्व भार पंख्यावर येतो.

अलीकडे अपघातात मोडलेल्या निसान लीफमधील ८० किलोवॅटची मोटर जुन्या गाड्यांत बसवली जाऊ लागली आहे. २०१० पासून विकल्या गेलेल्या या गाड्यांची मोटर बॅटरीपेक्षा अधिक टिकते, त्यामुळे ती स्वस्तात हाती लागते. पण ती पुढची चाके फिरवण्यासाठी आखलेली असल्याने तिचा मूळ गिअरसंच काढून ती जुन्या गिअरबॉक्सला किंवा ट्रान्सफर केसला (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीला) जोडावी लागते, आणि त्यासाठी मध्ये पुन्हा एक अचूक कातलेली प्लेट आणि दोन शाफ्ट जोडणारा कपलर बसवावा लागतो.