न उचललेल्या फोनचं गणित

सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने एक धाडसी प्रयोग केला. फ्लोरिडा राज्यातल्या ८६७ मतदारांची मतं फोनवरून विचारून घेतली आणि ती सगळी उत्तरं जशीच्या तशी जनमत चाचण्यांत मुरलेल्या चार गटांच्या हाती दिली. सांगा, राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत कोण पुढे आहे? एका गटाचं उत्तर आलं, हिलरी क्लिंटन ४ टक्क्यांनी पुढे. दुसरा म्हणाला ३, तिसरा म्हणाला १. चौथ्याच्या हिशेबात डोनाल्ड ट्रम्पच १ टक्क्याने पुढे होते. टाइम्सने स्वतः मांडलेला हिशेब क्लिंटन यांना १ टक्का आघाडी देत होता. माणसं तीच, त्यांची उत्तरंही तीच, तरी निष्कर्षांत ५ टक्क्यांची तफावत. आणि यात कुणीही लबाडी केलेली नव्हती.

मला हा प्रयोग त्या निवडणुकीतल्या कुठल्याही भाषणापेक्षा महत्त्वाचा वाटतो. दोन महिन्यांनी जो गदारोळ झाला, त्याचं बीज इथेच दिसतं.

८ नोव्हेंबरला मतदान झालं. ज्यांनी आधी कधी कुठलं निर्वाचित वा सरकारी पद सांभाळलं नव्हतं, लष्करातही नोकरी केली नव्हती, असा माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. हे तिथे पहिल्यांदाच घडत होतं. देशभरातली मतं मोजली तर क्लिंटन यांना सुमारे २८ लाख ७० हजार मतं जास्त होती. पण तिथे राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतून निवडलेल्या ५३८ इलेक्टरांच्या, म्हणजे प्रतिनिधींच्या, मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जो पुढे त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळेच इलेक्टर पडतात. ट्रम्प यांनी मिशिगन १०,७०४ मतांनी घेतलं, विस्कॉन्सिन २२,७४८ मतांनी आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी. तिन्हींची बेरीज ७७,७४४. तेरा कोटींहून जास्त लोकांनी मतदान केलेल्या देशाचा निकाल एवढ्याशा मतांवर फिरला.

दुसऱ्या दिवसापासून चर्चा पेटली. एका बाजूचं म्हणणं होतं की चाचण्या घेणारे विकले गेले होते. दुसरी बाजू म्हणत होती की ट्रम्पना मत देणारे लोक लाजले आणि फोनवर खोटं बोलले. काही जण तर सांख्यिकीच थोतांड ठरवून मोकळे झाले. ही तिन्ही उत्तरं बोलायला सोपी आहेत, पण पुरावा तपासला की टिकत नाहीत. खरं कारण शोधायचं तर फोनवर जे बोलले त्यांच्यापेक्षा ज्यांनी फोन उचललाच नाही त्यांच्याकडे पाहावं लागतं.

आधी त्या ‘लाजऱ्या मतदारा’चं पाहू. लोक माणसासमोर लाजत असतील, तर संगणकावर एकट्याने भरलेल्या चाचण्यांत ट्रम्प यांचा आकडा वाढलेला दिसायला हवा. अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने मे २०१७ मध्ये सविस्तर अहवाल काढला, त्यात ही तुलना केली होती. ठाम असा फरक सापडला नाही. देशपातळीवरच्या चाचण्या तर चांगल्याच जवळ गेल्या होत्या. त्यांच्या सरासरीत क्लिंटन सुमारे ३ टक्क्यांनी पुढे होत्या, प्रत्यक्षात २.१ टक्क्यांनी पुढे राहिल्या. घोळ झाला तो राज्यांमध्ये, विशेषतः सरोवरांच्या काठच्या त्या जुन्या कारखानदारी पट्ट्यात.

तिथल्या घोळाचं एक कारण साधं होतं. विस्कॉन्सिन, फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियात सुमारे १३ टक्के मतदारांनी शेवटच्या आठवड्यात मन पक्कं केलं, आणि त्यांच्यात ट्रम्प यांना भरघोस आघाडी होती. आदल्या आठवड्यात घेतलेल्या चाचणीला हे कसं कळणार?

दुसरं कारण जास्त खोल आहे, म्हणून तिथे जरा थांबू या. चाचणीत आलेली माणसं कधीच हुबेहूब राज्यासारखी नसतात. म्हातारी माणसं फोनवर निवांत बोलतात, तरुण बोलत नाहीत. मग तरुणांच्या प्रत्येक उत्तराला जास्त वजन द्यायचं, म्हाताऱ्यांच्या उत्तराला कमी. वय, लिंग, वंश या बाबतीत हे सगळेच करत होते. शिक्षणाच्या बाबतीत मात्र राज्यपातळीवरच्या कित्येक चाचण्यांनी ते केलं नाही. आणि फोनवर दहा मिनिटं प्रश्नांना उत्तरं देणाऱ्यांत पदवीधर नेहमीच जास्त असतात.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका राज्यात १०० पैकी ६० मतदार बिनपदवीचे आहेत. त्यांच्यातले ५८ टक्के ट्रम्पच्या बाजूने, ४२ टक्के क्लिंटनच्या. पदवीधरांत नेमकं उलटं. हिशेब केला तर ट्रम्प ५१.६, क्लिंटन ४८.४. आता चाचणीत बिनपदवीचे ६० ऐवजी ४५ च आले असं धरा. सगळे अगदी खरं बोलले तरी आकडा येतो ट्रम्प ४९.२, क्लिंटन ५०.८. कुणी लाजलं नाही, कुणी विकलं गेलं नाही, आणि विजेता बदलला.

मग २०१२ मध्ये हे का बोचलं नाही? कारण तेव्हा सर्वांत कमी शिकलेले आणि सर्वांत जास्त शिकलेले, दोन्ही गट ओबामांकडे झुकलेले होते. एका टोकाची माणसं कमी पडली तरी दुसऱ्या टोकाची जास्तीची माणसं ती चूक झाकून टाकत. २०१६ मध्ये शिक्षण ही मतांची सरळ पायरी झाली. जितकं शिक्षण कमी, तितका कल ट्रम्पकडे. झाकलेली चूक उघडी पडली. प्रस्थापित पक्षयंत्रणेबाहेरचा उमेदवार हे असंच करतो. तो मतदारांची जुनी वाटणी मोडतो, आणि जुन्या वाटणीवर बेतलेली वजनं फसतात.

इथे मला आपल्या मातीतल्या एका माणसाची आठवण होते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. पुण्यात शिकले, लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली आणि १९४० च्या दशकात देशातलं पीक किती येईल हे कसं मोजायचं या कामाला लागले. सगळं शेत कापून तोलणं शक्य नसतं, म्हणून शेतात एक तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पद्धतीत हे तुकडे अगदी लहान, गोल असायचे. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की लहान तुकड्यातलं पीक नेहमी जास्त भरतं. वर्तुळाच्या कडेवर उभं असलेलं पिकाचं ताट आत धरायचं की बाहेर, अशी वेळ आली की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. तुकडा लहान, तर आतल्या जागेच्या मानाने कड जास्त, म्हणून चूकही जास्त. १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी हे मांडलं. यातला गाभा असा की अशी शेकडो वर्तुळं कापली तरी चूक कमी होत नाही, कारण प्रत्येक हात एकाच दिशेला ओढत असतो. चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या असतील तर त्या एकमेकींना खातात. एकाच बाजूच्या चुका नुसत्या साचत जातात.

चाचणीच्या बातमीखाली ‘३ टक्के कमीजास्त’ असं छापतात, ते फक्त विखुरलेल्या चुकांबद्दल असतं. १,००० माणसं यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडली आणि त्या सगळ्यांनी उत्तर दिलं, तर एवढा फरक पडू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय तो एका उमेदवाराच्या आकड्यापुरता असतो. दोघांमधल्या आघाडीसाठी तो जवळजवळ दुप्पट धरावा लागतो, हे बातमीत क्वचितच लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या कित्येक वर्षांच्या चाचण्या प्रत्यक्ष निकालांशी ताडून पाहिल्यावर संशोधकांना आढळलं की खरी चूक सरासरी साडेतीन टक्क्यांची असते, छापलेल्या आकड्यातून सुचते त्याच्या साधारण दुप्पट.

आणि ‘सगळ्यांनी उत्तर दिलं तर’ हा तर आता स्वप्नातला ‘तर’ आहे. प्यू या नामवंत संस्थेच्या फोन चाचण्यांना १९९७ मध्ये १०० पैकी ३६ जण प्रतिसाद देत. २०१६ च्या सुमारास ९, आणि २०१८ मध्ये ६. उरलेल्या ९४ जणांबद्दल आपण सहा जणांवरून बोलतो.

मग माणसं वाढवली तर? हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शाओ-ली मेंग यांनी २०१८ मध्ये याचं जे उत्तर दिलं, ते वाचून मी बराच वेळ कागदावर गणित करत बसलो होतो. समजा २०१६ मधल्या सगळ्या चाचण्या मिळून अमेरिकेतल्या १ टक्का मतदारांपर्यंत, म्हणजे सुमारे २३ लाख लोकांपर्यंत पोचल्या. ट्रम्पच्या बाजूची माणसं उत्तर देण्याचं किंचित जास्त टाळत होती. किती किंचित? मत आणि प्रतिसाद यांच्यातला सहसंबंध, म्हणजे दोन्ही गोष्टी किती जोडीने बदलतात याचं माप, फक्त ०.००५. शून्य म्हणावं इतका बारीक. तरीही एवढ्या बारीक झुकावामुळे २३ लाख उत्तरांची किंमत यदृच्छेने निवडलेल्या सुमारे ४०० माणसांइतकीच उरते.

हे पटायला जड जातं, म्हणून कारण सांगतो. निवड खरोखर यदृच्छेने केली, तर देश केवढा आहे याला फारसं महत्त्व नसतं, किती जणांना विचारलं एवढंच पाहायचं. पण निवडीत झुकाव शिरला की देशाचा आकार गणितात परत येतो. न विचारलेली माणसं जितकी जास्त, तितकी त्या झुकावाला वाढायला जागा जास्त. घात पुढेच आहे. २३ लाखांच्या चाचणीखाली नेहमीच्या सूत्राने चुकीची मर्यादा काढली तर ती ०.१ टक्क्यापेक्षाही कमी येते, आणि ४०० माणसांची खरी मर्यादा असते सुमारे ५ टक्के. विदा, म्हणजे गोळा केलेली माहिती, वाढत जाते तसा चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास घट्ट होत जातो.

अमेरिकेने हा धडा २०१६ च्या ८० वर्षं आधी एकदा घेतला होता. १९३६ मध्ये लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. सुमारे २४ लाख परत आल्या. त्यांच्या बळावर त्यांनी रिपब्लिकन लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार असं जाहीर केलं. फ्रँकलिन रूझवेल्ट जवळपास ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले. वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की यादीच फोन आणि मोटारी बाळगणाऱ्या श्रीमंतांची होती. पुढच्या अभ्यासात दिसलं की यादीतल्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं तर निदान विजेता तरी बरोबर आला असता. रूझवेल्टवर चिडलेल्यांनी पत्रिका आवर्जून परत धाडल्या, समाधानी माणसांनी त्या टेबलावर तशाच राहू दिल्या.

२०१६ चा आणखी एक वाद भाकितांचा होता. मतदानाच्या दिवशी फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाने ट्रम्प जिंकण्याची शक्यता २८.६ टक्के दिली होती, टाइम्सने १५ टक्के, आणि प्रिन्स्टनमधल्या एका भाकिताने जेमतेम १ टक्का. चाचण्या सगळ्यांना त्याच उपलब्ध होत्या. मुख्य फरक एका गृहीतकात होता. तीन राज्यांत ट्रम्प जिंकण्याची शक्यता प्रत्येकी २५ टक्के आहे असं समजा. राज्यं एकमेकांपासून स्वतंत्र मानली तर तिन्ही जिंकण्याची शक्यता ६४ मध्ये १. पण कोल्हापुरात धो धो कोसळणारा पाऊस सांगलीला कोरडं ठेवील का? एका राज्यात बिनपदवीचे मतदार निसटले तर शेजारच्या राज्यातही तेच निसटणार. चुका हातात हात घालून चालतात असं मानलं की तीच शक्यता ४ मध्ये १ च्या जवळ जाते. फाइव्हथर्टीएटने हे मानलं होतं, आणि तेव्हा त्यांच्यावर ट्रम्पना फुगवल्याची टीका झाली होती. माझ्या मते त्या मोसमातलं सर्वांत प्रामाणिक काम त्यांचंच होतं. २८ टक्के म्हणजे ‘होणार नाही’ असा अर्थ होत नाही. वेधशाळेने पावसाची तेवढी शक्यता सांगितली तर आपण छत्री घेतोच की.

पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेकांनी शिक्षणाचं वजन लावायला सुरुवात केली. तरी २०२० मध्ये देशपातळीवरच्या चाचण्यांची चूक ४० वर्षांतली सर्वांत मोठी ठरली, पुन्हा ट्रम्प यांना कमी लेखणारी. म्हणजे पदवी नसलेल्यांतही फोन उचलणारे आणि न उचलणारे सारखे नाहीत. ज्याचा वृत्तपत्रांवर, विद्यापीठांवर, अनोळखी आवाजावर विश्वास उरलेला नाही, तो चाचणीत येत नाही, आणि तो अविश्वासच त्याला बाहेरच्या उमेदवाराकडे नेतो. उत्तर न देणं आणि मत देणं या दोन्हींची मुळं एकच. यावर कुठलंही वजन सहज लागत नाही, कारण अविश्वासाची जनगणना होत नसते. २०२४ मध्ये आयोवातल्या एका अतिशय मानाच्या चाचणीने कमला हॅरिस ३ टक्क्यांनी पुढे दाखवल्या, आणि तिथे ट्रम्प सुमारे १३ टक्क्यांनी जिंकले. २०१६ मध्ये हीच चाचणी इतरांहून अचूक निघाली होती.

आपल्याकडेही जून २०२४ मध्ये मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या आणि हाती आल्या २९३. तेव्हाही तेच जुने आरोप ऐकू आले. कोण बोललं नाही, हे विचारणारे फार थोडे होते.

या प्रश्नाला थेट भिडणारा एक प्रयत्न २०२२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये झाला. टाइम्सने नेहमीच्या फोन चाचणीच्या जोडीला लोकांच्या घरी टपालाने पत्रं धाडली आणि उत्तरासाठी एकूण २५ डॉलरपर्यंत मोबदला देऊ केला. फोनवर १०० पैकी दोघेही पुरते बोलले नाहीत. पत्रांना जवळजवळ ३० टक्के घरांतून उत्तर आलं. आणि त्या उत्तरांमध्ये, फोनवर कधीच न भेटणारी, राजकारणात फारसा रस नसलेली माणसं मोठ्या संख्येने होती.